'क्रूझिंग सेलर': खलाशी, नाखवा की दर्यावर्दी?

रत्नागिरीच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे. शिडाच्या होडीतच संसार थाटून बंदरामागून बंदर करत फिरणाऱ्या एका परदेशी जोडप्यावरचा लेख त्या मराठीत आणत आहेत. अशा माणसाला इंग्रजीत 'क्रूझिंग सेलर' म्हणतात, आणि 'खरा क्रूझिंग सेलर कोण' हाच त्या लेखाचा विषय आहे. 'खलाशी' लिहिलं तर त्यांना पटत नाही, 'दर्यावर्दी' लिहिलं तर इतिहासाच्या पुस्तकातलं वाटतं. मग लिहायचं काय?

ताई, 'दर्यावर्दी'च लिहा. का, ते सांगतो.

'खलाशी' तुम्हाला खटकला ते बरोबरच आहे. हा शब्द अरबी 'खलास'वरून आलेला. मराठीत तो समुद्रापुरता कधीच राहिला नाही; रेल्वेतही खलाशी असतो. यातला समान धागा समुद्राचा नाही, कामाचा आहे. दुसऱ्याच्या हुकमाखाली, पगारावर किंवा वाट्यावर राबणारा तो खलाशी. नारळी पौर्णिमा जवळ आली की आपल्याकडच्या प्रत्येक बंदरात एक वाक्य ऐकू येतं, 'यंदा खलाशी मिळत नाहीत.' त्या वाक्यातला खलाशी कुठे जायचं ते ठरवत नाही. तुमचं जोडपं मात्र रोज सकाळी तेवढंच ठरवतं.

'नाखवा' उलट टोकाचा. फारसी 'नाखुदा', म्हणजे 'नाव' अधिक 'खुदा', नावेचा धनी. आपल्या किनाऱ्यावर आजही नाखवा म्हणजे होडीचा मालक, मग तो स्वतः दर्यात जावो न जावो. 'तांडेल' अर्थाने जवळ येतो, कारण होडी प्रत्यक्ष चालवतो तो तांडेलच. पण तांडेल म्हटलं की त्याच्या हाताखाली माणसं आली. दोघांच्या होडीत तांडेल कुणाचा कोण?

'नौकानयनपटू' वर्तमानपत्रांचा लाडका शब्द आहे. त्यातला 'पटू' स्पर्धेच्या मैदानावरून आलेला आहे आणि नेमका तोच इथे चालत नाही. याचं फार बोलकं उदाहरण म्हणजे फ्रान्सचा बर्नार मोइतेसिए. 1968-69मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी घालण्याची पहिली शर्यत झाली. तो त्या शर्यतीत होता. केप हॉर्न, म्हणजे दक्षिण अमेरिकेचं दक्षिण टोक, ओलांडल्यावर आता फक्त इंग्लंडला परतायचं होतं. तो परतला नाही. शर्यत सोडून पुढेच जात राहिला आणि ताहितीला पोचला. केप हॉर्नपर्यंत त्याला नौकानयनपटू म्हणा हवं तर. त्यापुढे तो शब्द गळून पडतो.

आणि नुसतं 'क्रूझ' देवनागरीत लिहाल, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे मुंबई-गोवा फेरी करणारं, रोषणाई केलेलं जहाज उभं राहील. मूळ शब्द तसा नव्हे. डच भाषेत 'क्रूस' या अर्थाच्या शब्दापासून त्याचं क्रियापद झालं: आडवंतिडवं जाणं, दर्यात उभ्या-आडव्या रेघा मारणं. वाऱ्याच्या तोंडावर शीड चालवायचं तर नागमोडीच जावं लागतं, त्यालाही डच लोक हेच क्रियापद वापरतात.

आता 'दर्यावर्दी' उलगडून बघा. फारसीत 'दर्यानवर्द' असा शब्द आहे. त्यातला 'नवर्द' म्हणजे तुडवणारा, पालथं घालणारा. उर्दू शायरीत वाळवंट तुडवणाऱ्याला 'सहरानवर्द' म्हणतात तोच. आपला दर्यावर्दी याच घरातला, असं माझं मत आहे. मग यात पगार नाही, मालकी नाही, हुकूम नाही, शर्यतही नाही. दर्या आणि त्यातून येणंजाणं, एवढंच आहे. डच नावाड्यांनी जे आडवंतिडवं जाणं म्हटलं, तेच फारसीतून येऊन आपल्याकडे शतकानुशतकं नांदतं आहे. तो शब्द ऐतिहासिक वाटतो याचं कारण आपण तो आरमाराच्या धड्यांपुरता ठेवला. वापरात आणला तर वाटणार नाही.

'खरा' कोण, या भागाचं उत्तर मी कोशात शोधणार नाही. ते मला विजयदुर्गाला मिळालं.

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी धक्क्यावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारे तांडेल जाळं विणत होते. वाघोटणच्या खाडीच्या मुखातून एक लहान शिडाची होडी आत आली. एकच माणूस होता. त्याने शीड उतरवलं, नांगर टाकला, साखळी सोडत सोडत होडी मागे जाऊ दिली. मला वाटलं, झालं. तांडेलांनी हातातली सुई थांबवली आणि विचारलं, "पाणी किती असात थंय?" मी म्हटलं, "तीन वाव असेल." ते म्हणाले, "मगे पंधरा वाव तरी साकळी होयी." आणि तो माणूस सोडतच होता. नंतर तो होडीच्या नाळेवर उभा राहिला. किल्ल्याचा एक बुरूज आणि त्यामागचा एक माड एका रेषेत धरून बघत राहिला. नांगर ओढला जात असेल तर ती रेष मोडते. पाच मिनिटं नव्हे, चांगला अर्धा तास. ओहोटी लागली, होडी नांगराभोवती फिरली, त्याने पुन्हा नवी रेष धरली, आणि मगच तो खाली गेला. तांडेलांनी सुई परत चालू केली. म्हणाले, "ह्येका दर्या कळता." त्यांनी त्याचा झेंडा विचारला नाही की तो किती लांबून आला तेही विचारलं नाही.

जाता जाता: 'वाव' हे आपलं खोली मोजायचं माप, दोन हात पसरल्यावर होतं तेवढं, साधारण सहा फूट. वाव म्हणजे मोकळीकही. नांगराच्या साखळीला पाण्याच्या पाचपट वाव दिली तर ती तळाशी आडवी पडते आणि नांगर रुतून राहतो. कमी दिली तर तोच नांगर उपटून निघतो. या एका कामात शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

दर्या कळणं म्हणजे काय, तेही आपल्या भाषेत आधीच साठवलेलं आहे. दिवाळीनंतर दुपारी समुद्राकडून येतो तो खारा वारा आणि पहाटे जमिनीकडून येतो तो मतलई. 'मतला' म्हणजे अरबीत उगवण्याची जागा, पूर्व. गझलेच्या पहिल्या शेरालाही मतला म्हणतात. खारा वारा बहुतेक वायव्येकडून, म्हणून मालवणहून मुंबईकडे निघालेल्या शिडाच्या होडीला तो तोंडावर बसतो. ती पहाटे मतलईवर निघते, जमेल तेवढं अंतर कापते आणि दुपारी एखाद्या खाडीचा आसरा घेते. जयगड, दाभोळ, विजयदुर्ग ही नावं नकाशात दिसतात तशीच शिडाच्या वेळापत्रकातही होती. भरतीसाठी मुंबई-अलिबागकडे तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा सगळ्यात कमी चढउतार. हे ज्याच्या बोटांवर आहे तो घाईने निघत नाही. 'वारा पडलाय', 'पाणी भरू दे' अशी थांबण्याचीच वाक्यं आपल्या बंदरांत जास्त ऐकू येतात. माझ्या लेखी खऱ्या दर्यावर्दीची खूण हीच: निघता येत असताना थांबतो तो.

आणि अंतरावर काही ठरत नाही, हेही ठासून सांगतो. कॅप्टन दिलीप दोंदे 2009-10मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीला फेरी घालून आले. अशी शिडाची फेरी करणारे ते पहिले भारतीय. ती होडी गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली आणि तिला मांडवीचं जुनं नाव मिळालं. दोंदे दर्यावर्दी आहेतच. पण हर्णैहून निघून सुवर्णदुर्गाला वळसा घालून, हवा बिघडतेय असं पाहून दुपारीच परतणारी बाईही दर्यावर्दी होऊ शकते. 'बोट लागते' म्हणूनही कुणी बाद होत नाही. बोट पट्टीच्या माणसांनाही लागते.

आता व्याकरणाचं. 'दर्यावर्दी' स्त्री-पुरुष दोघांना तसाच चालतो, अनेकवचनही तेच. 'दर्यावर्दीण' करायची गरज नाही. 2017-18मध्ये 'तारिणी'तून पृथ्वीला फेरी घालणाऱ्या नौदलाच्या सहाही जणी दर्यावर्दी. विशेषण म्हणूनही चालतो: दर्यावर्दी घराणं, दर्यावर्दी सवयी.

जिथे व्यापारी जहाजावरच्या किंवा नौदलातल्या माणसापासून वेगळेपण दाखवायचं असेल, तिथे आधी 'फिरस्ता' लावा. फिरस्ता हा जुना, रुळलेला शब्द आहे आणि त्यात कुठेच कायम न राहणं आपोआप येतं. 'भटका' नको, त्यात बेफिकिरी डोकावते, आणि नांगराकडे अर्धा तास बघणारा माणूस बेफिकीर नसतो. तो फिरस्ता दर्यावर्दी, ती फिरस्ती दर्यावर्दी, ते दोघं फिरस्ते दर्यावर्दी. लेखात पहिल्यांदा येईल तिथे एवढं पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'दर्यावर्दी' पुरे.