‘ऑल आय डिझायर’मधील आई शेवटी घरीच राहते, हा शेवट दिग्दर्शकाला हवा होता का?
नाही, 1953 सालच्या या चित्रपटात घर सोडून गेलेली आई नेओमी नवऱ्यामुलांकडे कायमची परतते, हा गोड शेवट दिग्दर्शक डग्लस सर्क यांच्या मनाविरुद्ध, निर्माते रॉस हंटर यांच्या आग्रहामुळे आला. जॉन हॅलिडे यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत सर्क यांनी हे स्वतः सांगितले आहे; मूळ कादंबरीचे ‘स्टॉपओव्हर’ हे नावच त्यांना हवे होते, आणि त्या नावातच आईचा मुक्काम तात्पुरता असल्याचे सूचित होते. मात्र एवढ्यावरून चित्रपट तडजोडीचा ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण मुलीच्या पत्रावरून आलेली नेओमी (अभिनेत्री बार्बरा स्टॅनविक) आत पाऊल टाकण्यापूर्वी बाहेर अंधारात थांबून खिडकीतून आपलेच कुटुंब न्याहाळते, तेव्हा तिचे परकेपण लख्ख दिसते आणि शेवटच्या मिठीनेही ते पुसले जात नाही.