एक्समोडेम अडकतं कुठे

राजवाड्याकडच्या घरातून विजयनगरातल्या मित्राच्या जुन्या मशीनवर मोडेमने, फोनलाइनवरून फाइल पाठवायची असेल, तर सुरुवात एक्समोडेमनेच करा. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचा 1977 मधला हा प्रोटोकॉल, म्हणजे फाइल पाठवण्याचे ठरलेले नियम, इतका सरळ आहे, की काय बिघडलं ते लगेच कळतं.

दोन्हीकडच्या पोर्टची सेटिंग अशी: 8 डेटा बिट, पॅरिटी (चूक तपासणारा जादा बिट) नाही, 1 स्टॉप बिट (बाइट संपल्याची खूण). एक्सऑन-एक्सऑफ (डेटाच्याच वाटेने खुणेचे बाइट पाठवून समोरच्याला थांबवणं-चालू करणं) बंदच ठेवा, हवं तर आरटीएस-सीटीएस (तेच काम केबलमधल्या वेगळ्या तारांवरून) चालू करा. झिप फाइलमध्ये 17 आणि 19 हे बाइट येणारच. मोडेम किंवा पोर्ट त्यांना ‘चालू’ आणि ‘थांब’ समजतं, आणि पाठवणं मध्येच गोठतं. नवख्यांची हमखास चूक हीच.

पाठवणारा तयार राहतो, सुरुवात घेणारा करतो, नॅक (‘मिळालं नाही, पाठव’ सांगणारा बाइट) पाठवून. एक ब्लॉक 132 बाइटांचा: 3 सुरुवातीचे, 128 डेटाचे, 1 चेकसमचा. चेकसम म्हणजे चूक पकडायला केलेली डेटा बाइटांची नुसती बेरीज, दोन बाइटांची अदलाबदल तिला कळत नाही. सीआरसी (अशी अदलाबदलही पकडणारी तपासणी) मिळत असेल तर तेच घ्या. शेवटचा अपुरा ब्लॉक बहुधा 26 या बाइटने भरतात. आलेली फाइल थोडी मोठी दिसते ती त्यामुळे.

कॉल वेटिंग बंद करा. फोन फायबरवरचा असेल तर वेग 2400 बिट प्रति सेकंदावर उतरवा. लाइन वारंवार तुटत असेल तर झेडमोडेम हा दुसरा प्रोटोकॉल घ्या, ते तुटल्या जागेपासून पुढे पाठवू शकतं.