हात मोजण्याआधी ऐकून घ्यावं लागतं

तुमचा प्रश्न असा की लोकशाहीत बहुमताचं चालणार, मग थोड्या लोकांच्या भाषा, चालीरीती टिकणार कशा. मी नांदेड जिल्ह्यातल्या, तेलंगणा-कर्नाटकाच्या सीमेवरच्या देगलूर तालुक्यातला, आमच्या बाजारात एकाच दुकानापुढं मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू कानावर पडते, त्यामुळं मला जे दिसतं तेच सांगतो.

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, घरी मराठी आणि शाळेत उर्दू. राज्यात बहुतेक लोक मराठी, तेलुगू, कानडी बोलणारे, पण कारभार उर्दूत, कारण रयतेला विचारतंय कोण. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं तेव्हा कुठं आपली भाषा कचेरीत चालायला लागली. म्हणजे लोकशाही नसली की विविधता सुखात राहते असं अजिबात नाही.

पण नुसत्या बहुमतानंही भागत नाही, हे मराठवाड्यानं फार वाईट पद्धतीनं बघितलंय. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत २७ जुलै १९७८ ला मंजूर झाला, तरी इकडं दलितांची घरं जाळली, माणसं मारली, आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही मराठवाडा शब्द ठेवून नामविस्तार म्हणून. साडेपंधरा वर्षं! ठराव कागदावर झाला पण शेजाऱ्याच्या मनात झाला नव्हता.

घटनेनं काही गोष्टी मतदानाच्या बाहेरच ठेवल्यात आणि ते फार बरं केलं. कलम २९ नं प्रत्येक गटाला आपली भाषा, लिपी, संस्कृती जपायचा हक्क आहे, कलम ३० नं अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढता येतात. यावर हात वर करायला सांगायचंच नसतं.

खरी कसोटी लागते निधी वाटताना. आमच्या ग्रामसभेत स्मशानभूमीला पत्र्याचं शेड करायचं निघालं, सगळ्यांनी हात वर केले, ग्रामसेवक लिहायला लागले तेवढ्यात मागून एक लिंगायत मामा उठले आणि म्हणाले, "आमच्यात जाळत नाहीत, पुरतेत. शेड घेऊन काय करावं आम्ही? आधी नाल्यावर पाय ठिवायला जागा करा." त्यांच्या घरचं मयत पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून नेलं होतं, काळ्या मातीत खांदेकऱ्यांच्या चपला रुतून तिथंच राहिल्या होत्या, ते सगळ्या गावानं बघितलेलं पण सभेत कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांची घरं मोजून सहा, मतदान घेतलं असतं तर ते हरलेच असते. मग कब्रस्तानकडचेही बोलले, नाला तर त्यांनाही तोच लागतो, आणि जाळणाऱ्यांनाही तोच. शेवटी तासभर वादावादी होऊन आधी नाल्यावर नळकांडी पूल आणि मुरमाचा रस्ता घ्यायचं ठरलं.

पूल झालाय. शेड अजून व्हायचंय, पण त्यावरून आमच्याकडं कुणी रुसलेलं नाही.