भिंतीवरचं विचारा: मनोरा नसलेली तसबीर

प्रश्न : माळवद काढून स्लॅब टाकायचा ठरला, तेव्हा आजोबांच्या खोलीतून एक तसबीर निघाली. विटांची लांबट इमारत, पुढं मोठी झाडं, अंगणात फिरणारी वेगळ्याच वेषातली माणसं. खाली इंग्रजीत 'बॅक ऑफ द स्टेट हाउस, फिलाडेल्फिया' असं छापलंय. मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, ही इंडिपेंडन्स हॉल, अमेरिकेचा जन्म झाला ती जागा. पण मग त्यानंच शंभर डॉलरच्या नोटेचा फोटो पाठवला. नोटेवरच्या इमारतीला उंच मनोरा आहे, आमच्या तसबिरीत नाही. गावातले लोक चित्र खोटं आहे म्हणायलेत. जवळून काढलेले दोन फोटो सोबत पाठवतो. चित्र खरंच खोटं आहे का? आणि विकलं तर काही येईल का?
— एक वाचक, औसा

उत्तर : पैशाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. काही येणार नाही. तुमच्या जवळच्या फोटोत रंगाचे बारीक ठिपके स्वच्छ दिसतात. ते ऑफसेटवर छापल्याचं लक्षण. मूळ चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं होतं. तसं असतं तर भिंगाखाली ठिपके नाही, रेघाच रेघा दिसल्या असत्या आणि चित्राच्या चारी बाजूंना पत्र्याच्या दाबाची चौकट कागदात उमटलेली असती. तुमचं चित्र बहुधा कॅलेंडरातून नाहीतर एखाद्या मासिकातून कापलेलं. 1976 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षं झाली, तेव्हा अशी चित्रं ढिगानं छापली गेली.

पण खोटं? अजिबात नाही. उलट मनोरा नाही म्हणूनच ते खरं आहे.

लातूरला गंजगोलाईच्या एका बोळात मी चाळीस वर्षं फ्रेमा केल्या. लोक बाजाराचे जुने फोटो आणायचे आणि विचारायचे, काका, हा कधीचा असंल? मी माणसांकडं बघायचोच नाही. दुकानांच्या पाट्या, विजेचे खांब, टांगे आहेत का रिक्षा, यावरून साल काढायचो. फिलाडेल्फियाच्या या इमारतीचंही तसंच करता येतं, आणि तिथं तर फारच सोपं आहे, कारण तिच्याइतकी कपडे बदलणारी इमारत मी दुसरी पाहिली नाही.

ती बांधायला घेतली 1732 साली, पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या विधिमंडळासाठी. म्हणून नाव स्टेट हाउस. 'इंडिपेंडन्स हॉल' हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते स्वातंत्र्य मिळून बरीच वर्षं गेल्यावर. सुरुवातीला मनोरा नव्हताच. दक्षिणेच्या बाजूला विटांचा बुरुज आणि त्यावर लाकडी शिखर चढवलं ते 1750 नंतर, पुरं झालं 1753 ला. लाकूडच ते. पाऊस, बर्फ खाऊन कुजलं. 1776 ला खाली स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला तेव्हाच वरचं शिखर पडायला आलेलं होतं. 1781 ला ते उतरवलं आणि बुरुजाच्या वरच्या भागावर बुटकं छप्पर, त्यावर बारीकशी सुई एवढंच ठेवलं. पुढची 47 वर्षं इमारत तशीच बोडकी. 1828 ला विल्यम स्ट्रिकलंड नावाच्या वास्तुकारानं जुन्याच्या धर्तीवर नवं शिखर बांधलं आणि त्यात चारी दिशांना तोंड करून घड्याळं बसवली. तुमच्या मुलानं नोटेवर पाहिलं ते हे, स्ट्रिकलंडचं. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या 56 जणांनी ते शिखर त्या दिवशी पाहिलेलं नाही!

तुमचं चित्र विल्यम बर्च या चित्रकाराचं, 1799 चं. शिखर उतरवून 18 वर्षं झाली होती. त्यानं शहराची चित्रमालिका काढली, पुस्तक 1800 ला बाहेर आलं. अंगणातली माणसं म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. 1790 ते 1800 फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती, जमातींची शिष्टमंडळं सरकारला भेटायला तिथं यायची. बर्चनं जे समोर होतं ते काढलं.

सगळेच तसं करत नाहीत. चार्ल्स विल्सन पील यानं 1778 ला याच इमारतीचं चित्र काढलं, शिखरासकट. ते कोरून एका मासिकात छापलं गेलं 1787 ला, म्हणजे शिखर उतरवून सहा वर्षं झाल्यावर. त्याच वर्षी आत अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती. आता एखाद्यानं ते मासिक हातात घेऊन '1787 ची इमारत अशी होती' म्हटलं तर तो सपशेल फसला. छापल्याचं साल आणि डोळ्यांनी पाहिल्याचं साल वेगळं असतं. हे मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकलो. लग्नाच्या फोटोमागं स्टुडिओचा शिक्का 1982 चा असतो, पण तो 1965 च्या निगेटिव्हवरून काढलेला दुसरा प्रिंट असतो.

शिखराखेरीज बाजूंकडंही बघत चला. मुख्य इमारतीला दोन्हीकडं कमानींच्या पडव्या होत्या. 1812 ला त्या पाडून रॉबर्ट मिल्स यानं सलग कचेऱ्या बांधल्या, कागदपत्रं आगीपासून सुरक्षित राहावीत म्हणून. 1898 च्या सुमारास त्याही पाडल्या आणि कमानी पुन्हा उभ्या केल्या. म्हणजे घड्याळाचं शिखर आहे पण कमानी नाहीत, असं चित्र 1828 ते 1898 मधलं. दोन्ही आहेत, तर त्यानंतरचं. आज जाल तर ते दिसतं.

मी गेलो होतो. भाचा तिकडं असतो. चेस्टनट स्ट्रीटवर पाचव्या आणि सहाव्या गल्लीच्या मधल्या त्या फुटपाथवर मी इतका वेळ उभा राहिलो की हिनं शेवटी पायऱ्यांवर बसून डब्यातले दामटे काढले.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. 1816 ला पेनसिल्व्हेनिया सरकार ती इमारत आणि अंगण विकायला निघालं होतं. अंगणाचे प्लॉट पाडायचे होते. शहरानं 70,000 डॉलर मोजून ती घेतली म्हणून आज आहे. तरी त्याच सुमारास आतल्या दालनाची मूळ लाकडी नक्षी काढून टाकली गेलीच. आपल्याकडं काय वेगळं झालं? गावोगावचे वाडे, गढ्या उकलल्या, खांब आणि तुळया व्यापाऱ्यांनी नेल्या. त्यातला थोडा साग माझ्या दुकानातही आला. चांगल्या फ्रेमा झाल्या त्याच्या. खोटं कशाला बोलू.

प्रश्न : जाहीरनाम्यावर सह्या करतानाचं प्रसिद्ध चित्र शाळेच्या भिंतीवर लावायचंय. 4 जुलै 1776 चा प्रसंग असं खाली लिहिलं तर चालेल ना?
— एक शिक्षिका, परभणी

उत्तर : बाई, तसं लिहू नका. तुम्ही म्हणता ते जॉन ट्रम्बुलचं चित्र असणार, 12 फूट उंच आणि 18 फूट रुंद, वॉशिंग्टनच्या संसदभवनात लावलेलं. दोन डॉलरच्या नोटेमागंही तेच आहे. त्यात सह्या चाललेल्याच नाहीत. पाच जणांची समिती मसुदा सभेच्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवते आहे, तो दिवस 28 जूनचा. बहुतेक सह्या झाल्या 2 ऑगस्टला. 4 जुलैला फक्त मजकूर मंजूर झाला.

शिवाय दालनही बरोबर नाही. ट्रम्बुलनं 1786 ला पॅरिसमध्ये, जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनला विचारलं, खोली कशी होती? जेफरसननं दहा वर्षांपूर्वीची खोली आठवणीनं कागदावर आखून दिली, आणि आठवण चुकली. दारं भलतीकडं गेली. खुर्च्या आणि पडदे तर चित्रकारानं आपल्या मनानं भारी करून टाकले. चेहऱ्यांसाठी मात्र त्या माणसानं वर्षानुवर्षं हिंडून एकेकाला समोर बसवलं, आणि त्याबाबतीत मी त्याला शंभरातले नव्वद देईन. खोली बघायची तर रॉबर्ट एज पाईननं सुरू केलेलं आणि एडवर्ड सॅव्हेजनं पुढं नेलेलं चित्र लावा. हात जरा कच्चा, पण पाईन 1784 ला फिलाडेल्फियात आला होता, दालन त्यानं स्वतः पाहिलं होतं. पुढं ते दालन मूळ रूपात आणताना जाणकारांना या चित्राचा उपयोग झाला.

खाली '28 जून 1776, मसुदा सादर करताना' एवढं लिहा. मुलं विचारतील, मग 4 जुलै का साजरा करतात? विचारू द्या. आपल्या मुलांना ते अवघड जाणार नाही. मराठवाड्यात 15 ऑगस्ट 1947 ला निजामाचंच राज्य होतं, आपली मुक्ती 17 सप्टेंबर 1948 ची. झेंडा आपण दोन्ही दिवशी लावतो.

प्रश्न : लिंकनचा इंडिपेंडन्स हॉलसमोरचा फोटो खरा आहे का? त्यात लिंकन दिसतच नाही.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : खरा आहे. 22 फेब्रुवारी 1861, झेंडा चढवायला आला होता तो. गर्दी मोठी, कॅमेरा लांब, माणसं मुंगीएवढी. कॅन्सस नुकतंच राज्य झालं होतं म्हणून झेंड्यावर 34 तारे होते. तुझ्या मोबाइलवरच्या फोटोत कुणी लाल गोल करून दाखवला असेल, तर तो गोल मात्र नंतरचा.

औशाच्या वाचकांसाठी आणखी थोडं : तुमच्या दुसऱ्या फोटोत काचेच्या आत खालच्या कोपऱ्यात ओलीचा डाग आहे आणि कागद तिथं काचेला चिकटलाय. ओढू नका. ओल्या फडक्यानं तर अजिबात पुसू नका, रंग निघून येईल. मागचे खिळे मात्र हलक्या हातानं काढा आणि पुठ्ठा उलटून बघा. जुने कारागीर आत भरायला घरातलाच रद्दी कागद वापरायचे. वर्तमानपत्र निघालं तर त्यावरची तारीख मला कळवा, म्हणजे फ्रेम केव्हाच्या आधीची नाही हे ठरेल. सगळं तसंच घेऊन आलात तरी चालेल. दुकान आता पुतण्या बघतो, मी चारनंतर असतो.