नंबर प्लेटची खोटी साइट: उद्या बँकेत नको, आत्ता १९३०

सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या साइटवर वडिलांच्या स्कूटरची एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट) बुक केली, ५३१ रुपये गेले, पावती आली नाही, आणि 'उद्या बँकेत जाऊन विचारतो' असं तुम्ही लिहिलंय. उद्यावर ढकलू नका. आत्ताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते हेच, आधी शाखेत जाणं. 'अर्ज द्या, बघतो' म्हणाले, पोचही दिली नाही. अशी रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवतात. १९३० वर नोंद झाली तर ती वाटेत गोठवता येते, पण काढून घेण्याआधीच. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. बँकेला हेल्पलाइनवर कळवून तक्रार क्रमांक मागून घ्या, तोच तुमचा पुरावा. कार्डाचे तपशील टाकले असतील तर कार्ड ब्लॉक करा. रक्कम छोटी म्हणून सोडू नका, कार्ड त्यांच्या हातात आहे.

आता ओळखायचं कसं. 'शेवटी गव्ह डॉट इन बघा' हा सल्ला इथे अर्धवट आहे. परिवहन विभागाच्या साइटवर आरटीओ निवडलं की ती कंत्राटदार कंपनीच्या साइटवर नेते, आणि त्या खऱ्या साइटच्या पत्त्यातही गव्ह डॉट इन नाही. म्हणून पत्त्यापेक्षा तिथवर पोचलात कसे ते महत्त्वाचं. 'ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' स्वतः टाइप करा, तिथूनच पुढे जा. सर्चमधल्या 'प्रायोजित' लिंकला हात लावू नका. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका, ते खोट्या साइटलाही मिळतं.

माझ्या मते सगळ्यात खात्रीची चाचणी चासी नंबरची. मुद्दाम दोन अंक चुकवून टाका. खरी साइट 'वाहन' या सरकारी वाहन-नोंदणी यादीशी ताडून अडवते, खोटी बहुतेकदा खुशाल पैसे भरायच्या पानावर नेते. पिन टाकण्याआधी पैसे घेणाऱ्याचं नाव वाचा, एखाद्या व्यक्तीचं असेल तर तिथेच थांबा. दुचाकीचे जीएसटी धरून ५३१, चारचाकीचे ८७९.१०; घरी येऊन बसवायचे वेगळे. नेमकी रक्कम खोटी साइटही दाखवते, त्यामुळे दरावरून निर्धास्त होऊ नका.

मी वकील नाही, पैसे परत मिळतीलच असं सांगत नाही. साइटचे स्क्रीनशॉट पत्त्यासकट आत्ताच काढून ठेवा, ती बंद झाली की दाखवायला काही उरत नाही. आणि 'रिफंड देतो, हे ॲप टाका' असा त्या भामट्यांचाच फोन येऊ शकतो. तुमचा नंबर त्या फॉर्ममधूनच त्यांच्याकडे गेलाय.