वाचक विचारतात: नजर स्वच्छ आहे, मग थेंब कशाला?

मधुमेहींच्या डोळ्यांत थेंब टाकून आतला पडदा बघण्याच्या तपासणीबद्दल कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं नेत्रविभागात आणि मधुमेहाच्या ओपीडीत काम करणाऱ्यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न: आमच्या मालकांना आठ वर्षं शुगर आहे, वय ५६. चष्म्याशिवाय पेपरचे मथळे वाचतात, रात्री मोटारसायकल चालवतात. डॉक्टर दर वेळी डोळे तपासून घ्या म्हणतात आणि हे म्हणतात, "दिसतंय की मला!" काय सांगायचं? — एक वाचक, कागल

त्यांना दिसतं हे खरंच आहे, त्यावर वाद घालू नका. अडचण अशी की डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, दुखणं कळत नाही, आणि वाचायला, चेहरा ओळखायला लागतो तो पडद्याचा मधला इवलासा ठिपका. त्याच्या आजूबाजूला बरंच बिघडलं तरी अक्षरं स्वच्छच दिसतात.

शुगरमुळे आधी पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना फुगे येतात. त्यातून रक्त आणि पाणी झिरपतं. पुढे काही वाहिन्या बंद पडतात, तेवढा भाग उपाशी राहतो आणि मग तिथे नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात. त्यातली एखादी फुटली की डोळ्यात रक्त उतरतं आणि एका रात्रीत समोर काळं जाळं येतं. आदल्या संध्याकाळपर्यंत माणूस "दिसतंय की" म्हणत असतो. कधी पाणी नेमकं मधल्या ठिपक्यात साचतं, तेव्हा ओळी वाकड्या दिसतात. पण एका डोळ्याची चूक दुसरा डोळा झाकून नेतो. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकेक डोळा तळव्याने झाकून बघायला सांगा. चौकटी वाकड्या किंवा पुसट दिसल्या तर तपासणी त्याच आठवड्यात करा. सरळ दिसल्या म्हणून तपासणी टळत मात्र नाही.

प्रौढ वयात सुरू होणाऱ्या मधुमेहात, म्हणजे टाइप २ मध्ये, निदान होईल त्याच वेळी पहिली तपासणी हवी, कारण शुगर कळण्याआधी किती वर्षं वाढलेली होती ते कुणालाच ठाऊक नसतं. टाइप १, म्हणजे बहुधा लहान वयात सुरू होणारा आणि इन्सुलिनवरच चालणारा मधुमेह असेल, तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत. त्यानंतर वर्षातून एकदा. मालकांची आठ वर्षं झाली आहेत, तेव्हा आता थांबू नका.

त्यांना भीती घालण्यापेक्षा एक आकडा सांगा. भारतातल्या चाळिशीपुढच्या मधुमेहींच्या एका देशव्यापी पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, सुमारे १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर दोष सापडला आणि साधारण ४ टक्क्यांची नजर धोक्यात होती. म्हणजे शंभरातले ८७ जण "काही नाही, पुढच्या वर्षी या" एवढंच ऐकून घरी येतात. न जाणारे पुष्कळ जण तपासणीपेक्षा निकालाला घाबरलेले असतात. त्यांच्यासाठी हा आकडा कामाचा आहे.

प्रश्न: लक्ष्मीपुरीत चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर डोळे तपासले. नंबर बदललाय म्हणाले, बाकी ठीक. एवढं पुरे ना?

नाही. त्या यंत्राला फक्त चष्म्याचा नंबर कळतो. आत पडद्यावर रक्त सांडलेलं असलं तरी ते नंबर बिनचूक देईल.

नंबरबद्दलही थोडं थांबा. शुगर वर-खाली होत असताना डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर तात्पुरता बदलतो. औषध नवं सुरू झालं असेल किंवा नुकतीच ३०० ची शुगर १५० वर आली असेल, तर साखर स्थिर झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी नंबर काढा. नाहीतर नवा चष्मा महिन्यात कपाटात जातो आणि लोक दुकानदाराच्या नावाने खडे फोडतात.

प्रश्न: थेंब टाकल्यावर दिवसभर दिसत नाही म्हणे. मी पन्हाळ्याहून गाडीवर येणार. शिवाय उपाशीपोटी यायचं का?

उपाशी अजिबात येऊ नका. ही रक्ताची तपासणी नाही. नेहमीसारखा नाश्ता करा, गोळ्या किंवा इन्सुलिन वेळेवर घ्या. गोळी घेऊन जेवण टाळलं आणि रांगेत चक्कर आली, असं घडतं. पिशवीत बिस्किटं ठेवा.

थेंब बाहुली मोठी करण्यासाठी असतात. बाहुली म्हणजे खिडकी. ती अरुंद असेल तर आतली खोली कोपऱ्यापर्यंत दिसत नाही. थेंब एकदा टाकून भागेलच असं नाही. मधुमेहींची बाहुली हट्टी असते, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा टाकावे लागतात. बाहुली पसरायला अर्धा तास, कधी जास्त. तपासणी मात्र पाच-दहा मिनिटांची. एकूण दोन-अडीच तास धरून चला. नंतर जवळचं धूसर आणि उजेड बोचरा, हे चार ते सहा तास, काहींना रात्रीपर्यंत. म्हणून गाडी स्वतः चालवू नका. एसटीने या किंवा मागे बसून या. टोपी आणि गॉगल आणा. त्या दिवशी बँकेच्या, सोसायटीच्या कागदांवर सही नको.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. संध्याकाळचं इन्सुलिन घेणाऱ्यांना सिरिंजवरच्या बारीक रेघा त्या दिवशी दिसत नाहीत. डोस घरच्या कुणाकडून तरी मोजून घ्या.

घरात कुणाला काचबिंदू असेल, किंवा तुम्हाला हृदयविकार असेल वा बीपी फार वाढलेलं असेल, तर थेंब टाकण्याआधीच सांगा. घरी गेल्यावर डोळा लाल होऊन जोरात दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, उलटी झाली, तर सकाळची वाट न बघता परत या. हे क्वचित घडतं, पण घडलं तर उशीर चालत नाही.

प्रश्न: मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्या यादीत २२ शुगरचे पेशंट आहेत. तिघेच डोळे तपासून आले. बाकीचे हो हो म्हणतात आणि जात नाहीत. — राधानगरी तालुका

"हो हो" म्हणणाऱ्याला तारीख दिलेली नसते, हे पहिलं कारण. "जाऊन या" आणि "मंगळवारी सकाळी साडेनऊला, स्टँडवर शेवंताक्का तुमच्यासाठी थांबतील" यात फार फरक आहे.

वहीत प्रत्येकासाठी पाच रकाने करा: शुगर कोणत्या साली निघाली, डोळ्यात थेंब टाकून शेवटची तपासणी कधी झाली, सोबत कोण येणार, त्या सोबत्याचा फोन, आणि पुढची तारीख. "डोळे तपासले का?" असं विचारू नका. शिबिरात चष्म्याचा नंबर काढलेला माणूसही हो म्हणतो. "थेंब टाकून, मोठा उजेड मारून आत बघितलं का?" असं विचारा. फोन सोबत्याचा घ्या, कारण पेशंटचा फोन पुष्कळदा नातवाकडे असतो. आठवड्याआधी एक निरोप आणि आदल्या संध्याकाळी एक फोन, एवढ्याने बराच फरक पडतो. ओपीडीत गोळ्या देतानाच डॉक्टरांच्या तोंडून "डोळे दाखवून या, मग पुढच्या गोळ्यांचं बघू" हे वाक्य आलं तर सोन्याहून पिवळं. अर्थात गोळ्या अडवायच्या नाहीत, फक्त आठवण द्यायची.

वेळ बघून बोलवा. ऊसतोड सुरू झाली की शेतकऱ्याला गाठणं अवघड, पेरणीतही तेच. पितृपंधरवडा बरा. खरेदी नाही, लग्नकार्य नाही, म्हाळाचा एक दिवस सोडला तर माणसं मोकळी असतात. दरवर्षी तोच पंधरवडा ठरवला की लक्षातही राहतो. चार-पाच जणांना एकाच गाडीने पाठवा. भाडं वाटलं जातं आणि परतीला कुणी चाचपडत नाही.

जाताना पिशवीत शुगरची फाइल, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा शेवटचा रिपोर्ट, बीपीची नोंद, किडनीचा रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं आणि वापरातला चष्मा असावा. येताना कागदावर दोन गोष्टी लिहून आणायला सांगा: दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची अवस्था आणि पुढची तारीख. तोंडी "बरं आहे" हे पुढच्या वर्षी कुणालाच आठवत नाही.

आता सगळ्यात जास्त फसगत कुठे होते ते. ग्रामीण रुग्णालयात किंवा शिबिरात पडद्याचा फोटो काढतात. मोतीबिंदू असेल किंवा बाहुली लहान राहिली तर फोटो धुरकट येतो. "फोटो नीट आला नाही" याचा अर्थ "दोष नाही" असा पेशंट घेतो आणि घरी बसतो. असा फोटो म्हणजे तपासणी झालेलीच नाही. त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचंच. दुसरी गळती दोष सापडल्यानंतरची. कागद मिळाला, पण सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा खासगीत जायचं राहिलं. तुमच्या यादीत असं कुणी असेल तर त्यांची नावं लाल शाईने लिहा आणि आधी त्यांच्याच मागे लागा. न तपासलेल्या निरोगी माणसापेक्षा तपासून थांबलेल्याची नजर आधी जाते.

प्रश्न: शेजाऱ्यांनी लेझर केलं आणि नजर गेली. डोळ्यात इंजेक्शनही देतात म्हणे. त्यापेक्षा न दाखवलेलं बरं नाही का? — इचलकरंजी

शेजाऱ्यांच्या डोळ्यात नेमकं काय झालं होतं हे त्यांची फाइल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण असं पुष्कळदा दिसतं की माणूस रक्त उतरल्यावर येतो, लेझर होतं, तरीही आधीचं नुकसान पुढे सरकतं आणि दोष लेझरच्या माथी बसतो. लेझर गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखतं. उपाशी पडलेल्या कडेच्या पडद्यावर हजार-दीड हजार बारीक ठिपके देतात, म्हणजे त्या भागाची प्राणवायूची भूक कमी होते आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. दोन-तीन बैठका लागतात. रात्रीचं आणि कडेचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. हे आधी सांगितलं नाही की लोक फसल्यासारखे होतात. पहिल्या बैठकीनंतर "काही फरक नाही" म्हणून थांबणं म्हणजे अर्धं कुंपण घालून शेत सोडण्यासारखं.

इंजेक्शन मधल्या ठिपक्यातली सूज उतरवण्यासाठी असतं. डोळा बधिर करून देतात, टोचण्यापेक्षा दाब जाणवतो. सुरुवातीला साधारण महिन्याच्या अंतराने अनेक घ्यावी लागतात. दुसऱ्यानंतर स्वच्छ दिसू लागतं आणि तिथेच लोक सोडतात, मग सूज परत येते. नंतरच्या दिवसांत डोळा दुखून लाल झाला, नजर घसरली, तर त्याच दिवशी दाखवा, तो जंतुसंसर्ग असू शकतो.

प्रश्न: साखर बंद केली, आता आपला कोल्हापुरी गूळ खातो. डोळ्यांना चालेल ना?

गुऱ्हाळ आपलं असलं तरी रक्ताला तो साखरच वाटतो. डोळ्यांसाठी साखरेइतकंच बीपी सांभाळा आणि तंबाखू-मिसरी सोडा.

प्रश्न: सुनेला लग्नाआधीपासून शुगर आहे, आता दुसरा महिना लागलाय. डोळ्यांचं बाळंतपणानंतर बघू का?

नाही, या आठवड्यातच दाखवा. गरोदरपणात पडद्याचा दोष झपाट्याने वाढू शकतो, आणि बाळासाठी साखर पटकन खाली आणतानाही काही काळ तो वाढल्यासारखा दिसतो. पण तेवढ्यासाठी इन्सुलिन थांबवायचं नाही, डोळे बघत राहायचं. पहिल्या तीन महिन्यांत एकदा, पुढे दर तीन महिन्यांनी, आणि बाळंतपणानंतर वर्षभर डॉक्टर सांगतील तेव्हा. थेंब टाकण्याआधी दिवस गेल्याचं सांगा. शुगर गरोदरपणातच पहिल्यांदा निघाली असती तर एवढं सगळं लागलं नसतं.