पाय गळाले, वर चढत चाललंय : जीबीएसवर तुमचे प्रश्न

खानापूरहून एक ताई : दादा ४५ वर्षांचे. जुलाब होऊन दहाएक दिवस झाले आन् आता पायाला मुंग्या, दोन दिवसांपासून जिना चढवत नाही. घरचे म्हणतात अंगावरून वारं गेलंय, मालिश करा.

ताई, मालिश राहू दे, आजच गाडी काढा. वारं गेलं की बहुतेक एकच बाजू जाते, तीपण अचानक. इथं दोन्ही पाय ढिले पडत जातात, मग हात, कधी चेहरा, आणि गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. हा गिया-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, असू शकतो. जुलाबाच्या जंतूवर, बऱ्याचदा कॅम्पायलोबॅक्टरवर, धावून गेलेली आपलीच प्रतिकारशक्ती चुकून नसांवर (मज्जातंतूंवर) उलटते. कंबर लई दुखते काहींची, म्हणून आधी हाडाच्या डॉक्टरकडे फेऱ्या होतात आणि तेवढ्यात मोलाचे दिवस जातात (हे बघून खरंच जीव तुटतो). दुखणं दोन, फार तर चार आठवड्यांत टोकाला पोचतं. शंभरात वीस-तीस जणांना व्हेंटिलेटर लागतो, बीपी आणि ठोकेपण वरखाली होतात, तेव्हा आयसीयू असलेलंच हॉस्पिटल गाठा. बोलताना दम लागला, गिळताना ठसका लागला तर एक मिनिट थांबायचं नाही.

निपाणी : पाठीतलं पाणी तपासलं, नॉर्मल आलं. म्हणजे जीबीएस नाही ना?

असं नाही. जीबीएसमध्ये त्या पाण्यातलं प्रोटीन वाढतं, पण पहिल्या आठवड्यात ते वाढलेलं नसतं पुष्कळदा.

चिक्कोडी : इंजेक्शनं परवडत नाहीत, स्टेरॉइडवर भागेल का?

नाही, त्याचा यात उपयोग होत नाही. आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज, शिरेतून देतात) वजनाच्या किलोला ०.४ ग्रॅम, रोज, ५ दिवस, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, बिल फुगतं ते त्यानं. प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलणं तेवढंच गुणकारी आणि बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडतं, डॉक्टरांना सरळ विचारा, लाजू नका. दोन्हीतलं एक पुरतं, पण पहिल्या दोन आठवड्यांत.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये रुग्ण वाढले होते, हे संसर्गजन्य आहे का?

जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पण आधीच्या जुलाबाचे जंतू पाण्यातून, खाण्यातून येतात, म्हणून पाणी उकळा, चिकन पुरतं शिजवा.

बेळगावजवळचे शेतकरी काका : चार महिने झाले, वॉकरवर चालतो. रोपलावणीला उतरू का?

काका, सहा महिन्यांत दहातले आठ जण आधाराशिवाय चालायला लागतात, तुमची गाडी रुळावर आहे. शंभरात तीन ते सात दगावतात, त्या घाटातून तुम्ही पार झालाय. पण थकवा वर्षभर, कधी जास्तही चिकटतो, तो आळस नव्हे हे घरच्यांना सांगा. फिजिओ चालू ठेवा, दमेपर्यंत नको. यंदा बांधावर बसून हुकूम सोडा, चिखलात पोरांना उतरू दे.